डब्लिनहून घरी काय न्यायचं? नव्यांसाठी दुकानांची पायी फेरी

डब्लिनला येऊन वर्ष होत आलं आणि डिसेंबरचं तिकीट निघालं की घरून विचारणा सुरू होते, "मग, येताना काय आणतेस?" आपण प्रोजेक्ट नाहीतर ऑफिसच्या कामात गुंतलेले. शेवटच्या संध्याकाळी हिरव्यागार पाटीच्या दुकानात शिरायचं आणि मेंढ्यांचे मोजे, फ्रीजवरची चुंबकं, गिनेसचे टी-शर्ट पिशवीभर उचलायचे. त्यात वाईट काहीच नाही. कॅरल्ससारख्या साखळी दुकानांत हे सगळं एका छपराखाली मिळतं, आणि जुन्या ऑफिसातल्या वीस जणांच्या हातावर काहीतरी टेकवायचं असेल तर तोच मार्ग शहाणपणाचा. पण आई, सासूबाई, शिक्षणाच्या कर्जाला जामीन राहिलेले काका यांच्यासाठी जरा हिंडावं लागतं.

बरं, हिंडणं फारसं नाहीच. खाली सांगितलेली जवळपास सगळी दुकानं लिफी नदीच्या दक्षिणेला, ट्रिनिटी कॉलेज आणि सेंट स्टीफन्स ग्रीन यांच्या आसपास आहेत. लुआस या ट्रामच्या ग्रीन लाइनने डॉसन किंवा ट्रिनिटीला उतरा, पुढे सगळं पायी.

१. आधी माणसांची यादी करा, वस्तूंची नंतर

इथल्या दुकानांतला चांगला माल म्हणजे मुख्यतः लोकर, ट्वीड (जाडसर लोकरी कापड), लिनन, मातीची भांडी, काच, दागिने, पुस्तकं आणि खाऊ. यातलं काय कुणाला उपयोगी पडेल हे घरूनच ठरवून निघा. नागपूरच्या मामांना जाड अरन स्वेटर (इथल्या अरन बेटांच्या नावाचा, उठावाच्या विणीचा लोकरी स्वेटर) नेलात तर डिसेंबरातल्या चार पहाटे सोडल्या तर तो कपाटातच राहील. मुंबईत तेवढंही नाही. नाशिक, महाबळेश्वर किंवा दिल्लीत राहणारं कुणी असेल तर गोष्ट वेगळी. उष्ण गावांसाठी लिनन बघा: रुमाल, टेबलावरची कापडं, टी टॉवेल. वजन नाही, फुटायची भीती नाही, आणि धुऊन धुऊन ते आणखी मऊ होतं.

घरात नुकतं बाळ आलं असेल तर लोकरीचं छोटं ब्लँकेट घ्या. बाळंतविड्यात ते शोभतं आणि पुण्याच्या थंडीत वापरलंही जातं.

निघताना सोबत हे असू द्या:

- कापडी पिशव्या. प्लास्टिक पिशवीवर इथे २००२ पासून कर आहे, आणि कागदी पिशवी पावसात टिकत नाही.
- अंगठी घ्यायची असेल तर बोटाचं माप. इथे मापं इंग्रजी अक्षरांत असतात, आपल्याकडे आकड्यांत. आईची जुनी अंगठी मोजून आतला व्यास मिलिमीटरमध्ये लिहून घ्या, म्हणजे घोळ होत नाही.
- विमान कंपनीची वजनमर्यादा आणि एका बॅगेचं कमाल वजन, मोबाइलमध्ये लिहिलेलं.
- पावत्यांसाठी एक पाकीट. ते शेवटपर्यंत लागणार आहे.
- सोबत भारतातून आलेले आईवडील असतील तर त्यांचे पासपोर्ट. का, ते नवव्या टप्प्यात.

२. दुकानांच्या वेळा बघून निघा

आपल्याला रात्री नऊपर्यंत लक्ष्मी रोडवर फिरायची सवय. इथली लहान दुकानं सहाच्या सुमारास बंद होतात. गुरुवारी शहराच्या मध्यभागातली बरीच दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात, म्हणून नोकरी करणाऱ्यांना तो वार सोयीचा. रविवारी पुष्कळ ठिकाणी बाराच्या आसपास शटर वर जातं. नाताळच्या दिवशी तर शहर कडकडीत बंद असतं, त्यामुळे सव्वीसचं विमान असेल तर खरेदी आधीच उरका.

३. नॅसॉ स्ट्रीटपासून सुरुवात

ट्रिनिटीच्या दक्षिण भिंतीला लागून हा रस्ता जातो. कॉलेज एका अंगाला, दुकानं दुसऱ्या अंगाला. पहिला मुक्काम किलकेनी डिझाइन. आयर्लंडच्या सरकारने १९६० च्या दशकात किलकेनी गावात देशी डिझाइन सुधारावं म्हणून कार्यशाळा काढल्या होत्या, त्यातून आलेलं हे नाव. इथे एकाच ठिकाणी देशभरच्या कुंभारांची, विणकरांची, दागिने घडवणाऱ्यांची कामं दिसतात. लगेच काही घेऊ नका. आधी एक चक्कर मारून निकोलस मॉसची ठसे उमटवलेली भांडी कशी असतात, केरीतल्या लुई मलकहीची मातीची भांडी कशी, किमती काय, हे डोळ्यांखालून घाला. पुढच्या दुकानांत तुलना करायला उपयोग होतो.

त्याच रस्त्यावर केव्हिन अँड हाउलिन हे ट्वीडचं जुनं दुकान आहे. डोनेगॉल ट्वीडची खूण म्हणजे सुतात मध्येच येणारे रंगीत ठिपके. लांबून करडं दिसणारं कापड हातात घेऊन खिडकीशी धरलं की त्यात पिवळा, गंजका, निळा असे कण दिसायला लागतात. अख्खा कोट महाग पडेल आणि पुण्यात वापरणार कधी? पण वडिलांसाठी ट्वीडची टोपी ही मस्त भेट आहे. डोक्याचं माप मात्र सेंटिमीटरमध्ये मागवून घ्या.

तिथून सफक स्ट्रीटवर अवोका दोन मिनिटांवर. विकलो परगण्यातल्या अवोका गावची ही हातमागाची गिरणी १७२३ पासूनची. त्यांच्या चौकड्यांच्या लोकरी शालींचे रंग आपल्या लोकांना पटकन आवडतात. सोफ्यावर टाकायला म्हणून त्या विकल्या जातात, पण आमच्याकडे आज्या त्या अंगावरच घेतात. मेयो परगण्यातल्या फॉक्सफर्ड गिरणीचा मालही शहरातल्या मोठ्या दुकानांत दिसेल. ही गिरणी १८९२ मध्ये एका जोगिणीने, अॅग्नेस मॉरो-बर्नार्ड यांनी, गावातल्या गरिबांना काम मिळावं म्हणून काढली. मी बाळांची ब्लँकेटं म्हटलं, ती इथली बघा.

४. लेबल उलटून वाचा

माझ्या मते या सगळ्या लेखातलं सर्वांत उपयोगाचं काम हे. शॅमरॉकचं तीन पाकळ्यांचं पान, सेल्टिक गाठ, हार्प हे तंतुवाद्य, हिरवा रंग यांतलं काहीही वस्तू कुठे बनली ते सांगत नाही. चुंबक उलटून बघा, मगाचा तळ बघा, स्वेटरच्या आतली शिवण बघा. 'डिझाइन्ड इन आयर्लंड' म्हणजे चित्र इथे काढलं, वस्तू कुठेही बनली असेल. 'मेड इन आयर्लंड' किंवा 'हँडमेड इन आयर्लंड' आणि सोबत कारागिराचं किंवा गावाचं नाव, हे बघायचं. 'गॅरंटीड आयरिश'चं चिन्हही दिसेल. ते कंपनीला मिळतं, इथल्या रोजगाराला आणि समाजाला ती हातभार लावते म्हणून. त्यामुळे ते दिसलं तरी वस्तूचं लेबल वाचायचंच.

अरन स्वेटरच्या बाबतीत तर दोन गोष्टी कायम ऐकवल्या जातात. एक, प्रत्येक घराण्याची वेगळी वीण असते आणि समुद्रात बुडालेल्या कोळ्याची ओळख तिच्यावरून पटते. ऐकायला छान आहे, पण कुळांच्या विणींची ही परंपरा जुनी नाही. स्वेटर विकताना ती पसरली. स्वेटर देखणा असतो तेवढं पुरे आहे. दुसरी, "हा शंभर टक्के मेरिनो आहे." मेरिनो मऊ असते हे खरं, पण ती मेंढी आयर्लंडच्या डोंगरावरची नव्हे, लोकर बहुधा बाहेरून आलेली असते आणि विणकाम मशीनवरचं. अंगाला टोचत नाही, स्वस्त पडतो, हलका असतो, त्यामुळे भारतात न्यायला खरं तर हाच सोयीचा. फक्त हाताने विणलेल्याचे पैसे देऊन मशीनवरचा घेऊ नका. हातविणीच्या स्वेटरवर बहुतेक वेळा तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि किंमतही बरीच वर जाते. अस्सल हातविणीचं बघायचं असेल तर किल्डेअर स्ट्रीटवरचं क्लिओ हे छोटं, जुनं दुकान गाठा.

काचेबद्दल एवढंच: वॉटरफर्डचा मोठा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. आता वॉटरफर्ड शहरात काही माल बनतो, पण त्या नावाने विकलं जाणारं बरंचसं क्रिस्टल परदेशात तयार होतं. आणि काच बॅगेतून न्यायची म्हणजे जिवाला घोर. मी सहसा सुचवत नाही.

५. दागिने घेताना ३७५ चा अर्थ घरी आधी सांगा

क्लाडा अंगठी म्हणजे दोन हातांनी धरलेलं हृदय आणि वर मुकुट. गॉलवे शहराजवळच्या क्लाडा या कोळीवाड्याचं नाव तिला मिळालं. उजव्या हातात हृदयाचं टोक बाहेरच्या बाजूला म्हणजे मन मोकळं. टोक आत वळवलं म्हणजे कुणीतरी आहे. डाव्या हातात टोक आत म्हणजे लग्न झालं. बहिणीला देताना हे सांगून ठेवा, नाहीतर कॉलेजात नको ते निरोप जातील.

खरी अडचण कॅरेटची. आपल्याकडे सोनं म्हणजे बावीस कॅरेट, ९१६. इथे दुकानात सर्रास नऊ कॅरेट असतं, म्हणजे शिक्का ३७५. चौदा कॅरेटला ५८५, अठराला ७५०. नऊ कॅरेटच्या अंगठीत निम्म्याहून कमी सोनं असतं. आई ती घेऊन सोनाराकडे गेली तर त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल. म्हणून ही वस्तू 'डाग' म्हणून देऊ नका, आठवण म्हणून द्या. किंवा सरळ चांदीची घ्या: ९२५ चा शिक्का, किंमत आवाक्यात, आणि कॅरेटचा प्रश्नच नाही.

शिक्का बघायला लाजू नका. दुकानदाराकडे भिंग असतं, मागितलं की देतात. अंगठीच्या आत ओळीने तीन ठसे शोधा: घडवणाऱ्याची अक्षरं, शुद्धतेचा आकडा, आणि बसलेल्या स्त्रीची इवलीशी आकृती. ती हिबर्निया, डब्लिनच्या परखकेंद्राची खूण. या शहरात सोन्याचांदीची सरकारमान्य परख १६३७ पासून चालत आली आहे. पर्यटकांच्या दुकानातल्या स्वस्त अंगठ्यांत हे ठसे नसतील तर पुढे जा. ग्राफ्टन स्ट्रीटवरचं वीअर अँड सन्स १८६९ पासूनचं आहे. तिथे किमती चढ्या असल्या तरी नुसतं बघायला कुणी हरकत घेत नाही. साउथ विल्यम स्ट्रीटवरच्या पॉवर्सकोर्ट टाउनहाउसमध्ये जुन्या दागिन्यांची छोटी दुकानं आहेत. एका लॉर्डचा १७७० च्या दशकातला वाडा, आतल्या अंगणावर आता काचेचं छत. जिन्याचं लाकूडकाम बघायला तरी आत जा.

न्यूब्रिज सिल्व्हरवेअर हे नाव सगळीकडे दिसेल. देखण्या वस्तू आहेत, पण 'सिल्व्हर' वाचून भरीव चांदी समजू नका, बराचसा माल मुलाम्याचा असतो. मुंजीला किंवा साखरपुड्याला चांदीचं द्यायचं म्हणून घेणार असाल तर ९२५ चा शिक्का आहे का ते बघूनच घ्या.

६. पुस्तकं आणि एक लिंबाचा साबण

डॉसन स्ट्रीटवरचं हॉजेस फिगिस १७६८ मध्ये सुरू झालं. आयर्लंडविषयीच्या पुस्तकांचा विभाग मोठा आहे. भाचरांसाठी इथल्या दंतकथांची चित्रमय पुस्तकं तिथे मिळतात. पुस्तकावर इथे व्हॅट शून्य आहे हा आणखी एक फायदा. तोटा एकच, वजन. डोलिअर स्ट्रीटवरचं बुक्स अपस्टेअर्स लहान पण निवडक. हार्कोर्ट स्ट्रीटवर 'अन शोपा लाउर' हे आयरिश भाषेतल्या पुस्तकांचं दुकान आहे. घरात कुणी भाषेचं वेड असलेलं असेल तर तिथलं लहान मुलांचं अंकलिपीसारखं पुस्तक द्या, खूष होतील.

आणि लिंकन प्लेसवरचं स्वेनीज चुकवू नका. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'मधला ब्लूम १६ जून १९०४ च्या दिवशी याच औषधांच्या दुकानातून लिंबाचा साबण घेतो. आता तिथे औषधं विकत नाहीत. स्वयंसेवक दुकान जपतात, मोठ्याने पुस्तकवाचन करतात आणि तो साबण विकतात. खोली एवढीशी, जुने लाकडी खण, काचेच्या बाटल्या, जुनी पुस्तकं, आणि दारातून शिरताच लिंबाचा वास. वाचनवेड्या आत्यासाठी याहून चांगली, आणि हलकी, भेट मला तरी अजून सापडलेली नाही. उघडण्याच्या वेळा थोड्या असतात, आधी बघून जा.

७. ड्रुरी स्ट्रीट आणि संग्रहालयांची दुकानं

ड्रुरी स्ट्रीटवरच्या आयरिश डिझाइन शॉपमध्ये आजच्या कारागिरांचं काम मिळतं: लाकडी चमचे, चिनीमातीचे छोटे वाडगे, छापील कार्डं. आयरिश दंतकथांतल्या हिरव्या टोपीवाल्या बुटक्याचा, लेप्रिकॉनचा, मागमूस नाही. मागच्या बाजूला जॉर्जेस स्ट्रीट आर्केड, लाल विटांचा १८८१ चा झाकलेला बाजार: जुने कपडे, रेकॉर्ड्स, मणी. बाजार दिसला तरी घासाघीस चालेल असं समजू नका, जुन्या वस्तूंच्या टपरीवर हसून विचारलं तर फार तर दोन-चार युरो कमी होतात. जॅम आर्ट फॅक्टरीत डब्लिनच्या गल्ल्यांची, बसची, धुराड्यांची छापील चित्रं मिळतात. फ्रेमशिवाय घ्या आणि पुठ्ठ्याच्या नळीत न्या.

संग्रहालयांची दुकानं लोक विसरतात. किल्डेअर स्ट्रीटच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्रवेश फुकट आहे. मूळ तारा ब्रोच, म्हणजे प्राचीन नक्षीदार पिन, आत बघा आणि बाहेरच्या दुकानात तिच्या घाटाची पिन घ्या. साडीच्या पदराला ती छान दिसते. डब्लिन कॅसलच्या आवारातलं चेस्टर बीटी हेही फुकट. तिथे मुघल लघुचित्रांचा मोठा संग्रह आहे, आणि दुकानात सुरेख कार्डं असतात. भारतातली चित्रं आयर्लंडहून भारतात, अशी भेट काकांना गमतीची वाटेल.

संगीताची आवड असणाऱ्याला टिन व्हिसल ही धातूची छोटी बासरी द्या. डी पट्टीतली मागा, बहुतेक आयरिश धून तिच्यावरच वाजतात. दहा-पंधरा युरोंत काम होतं आणि मोज्यात घालून नेता येते. बाउरान हा चामड्याचा डफ न्यायचा मोह होईल, पण बकऱ्याच्या कातड्याला कोकणातला पावसाळा मानवत नाही.

८. खाऊ: डबा उलटून घटक वाचा

बटलर्सची चॉकलेटं सगळ्यांना आवडतात. पण खोक्यावरची यादी वाचा: व्हिस्की ट्रफल किंवा आयरिश क्रीम भरलेली चॉकलेटं संकष्टीला आजीच्या हातात गेली तर पुढचं तुम्ही निस्तरा. जेली आणि मार्शमेलोत जिलेटिन असतं, शाकाहारी घरात चालणार नाही.

कॉर्कचा बॅरीज चहा सुपरमार्केटमधून घ्या, भेटवस्तूंच्या दुकानात तोच डबा महाग असतो. त्यात पूर्व आफ्रिकेचा आणि आसामचा चहा असतो, म्हणजे थोडा चहा माहेरीच परत जातोय. पण दूध घालून उकळायला तो कडक आहे, आले-वेलची झेपते. याशिवाय समुद्री मीठ आणि वाळवलेलं शेवाळ, डिलिस्क. फॅलन अँड बर्न किंवा शेरिडन्स या खाद्यपदार्थांच्या दुकानांत विचारा. शेरिडन्सचं चीज मात्र इथेच खा: कॅशेल ब्लू, डरस, जे आवडेल ते. भारतात दुग्धजन्य पदार्थ नेण्यावर बंधनं आहेत आणि वीस तासांच्या प्रवासात बॅगेची जी दशा होईल ती वेगळीच.

व्हिस्कीसाठी डॉसन स्ट्रीटचं सेल्टिक व्हिस्की शॉप. विमानतळावर न दिसणाऱ्या बाटल्या तिथे असतात. पिणारा जाणकार असेल तर 'सिंगल पॉट स्टिल' मागा, मोड आणलेलं आणि न आणलेलं बार्ली एकत्र गाळायची ही खास आयरिश पद्धत. दुकानातून मद्य सकाळी साडेदहा ते रात्री दहा एवढ्याच वेळात मिळतं, रविवारी साडेबारापासून. मोठ्या ब्रँडच्या बाटल्या सरळ विमानतळावर ड्यूटी फ्रीमध्ये घ्या.

९. व्हॅट परतावा: कुणाला मिळतो, कुणाला नाही

खरेदीवर भरलेला व्हॅट परत मिळण्याबाबत दरवर्षी गोंधळ होतो. "माझा पासपोर्ट भारतीय, मग परतावा मिळेल ना?" नाही. नियम पासपोर्ट बघत नाही, राहण्याचं ठिकाण बघतो. तुमच्याकडे आयआरपी (आयर्लंडमध्ये राहण्याच्या परवान्याचं) कार्ड आहे, तुम्ही डब्लिनला राहता, तर सुट्टीला जाताना तुम्हाला परतावा नाही. भेटीला आलेल्या आईवडिलांना आहे. त्यांच्यासाठी क्रम असा:

१) एकाच दुकानात ७५ युरोंच्या वर खरेदी एकत्र करा. २) पैसे देतानाच पासपोर्ट दाखवून परताव्याचा फॉर्म मागा, नंतर मिळत नाही. ३) खरेदीच्या महिन्यानंतर तीन महिने संपायच्या आत माल युरोपीय संघाबाहेर जायला हवा. ४) संघातल्या शेवटच्या विमानतळावर फॉर्मची नोंद करा. दुबई, दोहा किंवा लंडनमार्गे जात असाल तर तो डब्लिन. फ्रँकफर्ट किंवा अॅमस्टरडॅममार्गे असाल तर तिथला. ५) माल मोठ्या बॅगेत असेल तर बॅग देण्याआधी, कारण तपासायला मागू शकतात.

पुस्तकं, चहा आणि लहान मुलांचे कपडे यांवर व्हॅट मुळातच शून्य, त्यांचा परतावा शोधत बसू नका. हातात पडणारी रक्कमही पूर्ण २३ टक्के नसते, मधल्या कंपनीचा वाटा जातो.

१०. बॅग भरताना

भांडी लोकरीत गुंडाळा, मधोमध ठेवा. बाटल्या मोठ्या बॅगेत, झाकणाला टेप लावून, प्लास्टिकच्या पिशवीत. डब्लिन विमानतळाने सप्टेंबर २०२५ पासून हातातल्या बॅगेवरची १०० मिलिलिटरची अट काढली आहे, पण तुमचं विमान जिथे बदलतं तिथे ती असू शकते. जॅम, मध, द्रव साबण, काचेचा बर्फगोळा हे सगळं द्रवातच धरतात. ड्यूटी फ्रीची सीलबंद पिशवी घरी पोचेपर्यंत फोडू नका.

भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आहे. बाकी सामानाची रुपयांतली मर्यादा बदलत असते, तिकीट काढताना सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. किमतीच्या चिठ्ठ्या काढायच्या असतील तर इथेच काढा, नाहीतर युरोला गुणून बाबांचा हिशेब सुरू होतो. पावत्यांचं पाकीट मात्र हातातल्या बॅगेत ठेवा, मुंबईला कुणी विचारलंच तर तेवढंच दाखवायचं असतं.